सुधारणेचा भार कोणी वाहावयाचा?

नवी इमारत बांधण्याचा उत्साह राज्यकर्त्यांना नेहमीच असतो. जुन्या इमारतीतील भाडेकरूंना नव्या इमारतीत सुखरूप नेऊन पोहोचविण्याचे काम मात्र त्यांपैकी फारच थोड्यांना आवडते. ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्याने सुरू झालेले समाजकल्याण व्यवस्थेचे स्थलांतर ह्या दृष्टीने मुळातून तपासण्यासारखे आहे. गरीब, बेकार, आजारी आणि अल्पवेतनी माणसांना मिळणारी सहा वेगवेगळी साहाय्ये मोडून त्यांच्या जागी 'युनिव्हर्सल क्रेडिट' नावाचे एकच साहाय्य द्यावयाचे, असा हा बेत होता. तो २०१७ पर्यंत तडीस जावयाचा होता. प्रत्यक्षात त्या सहांपैकी दोन, म्हणजे दोन्ही प्रकारची टॅक्स क्रेडिटे, ५ एप्रिल २०२५ रोजी बंद झाली आणि आजारपणामुळे काम करू न शकणाऱ्या उरलेल्या लोकांना हलविण्यासाठी सरकारने मार्च २०२६ ही मुदत ठरविली. २०२५ च्या मध्यास सुमारे ८० लाख माणसे ह्या नव्या व्यवस्थेत होती. एवढ्या मोठ्या प्रयोगाचा हिशेब मांडताना पहिला प्रश्न असा पडतो की, ह्या सुधारणेची किंमत कोणी मोजली?

जी व्यवस्था मोडली तिचा पाया सर विल्यम बेव्हरिज ह्यांनी घातला होता. हे गृहस्थ १८७९ साली बंगालमधील रंगपूर येथे जन्मले. त्यांचे वडील हिंदुस्थानच्या मुलकी सेवेत होते. १९४२ च्या डिसेंबरात, महायुद्ध ऐन भरात असताना, त्यांनी आपला अहवाल सादर केला आणि दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती व बेकारी ह्या पाच राक्षसांविरुद्ध युद्ध पुकारले. ५ जुलै १९४८ रोजी ती व्यवस्था अमलात आली. तिच्यामागील मूळ कल्पना साधी होती: काम करताना प्रत्येकाने वर्गणी भरावी आणि अडचणीच्या काळात प्रत्येकाला हक्काने साहाय्य मिळावे. पुढील साठ वर्षांत मात्र त्या साध्या वस्त्राला ठिगळांवर ठिगळे लागली. घरभाड्यासाठी एक साहाय्य, बेकारीसाठी दुसरे, आजारपणासाठी तिसरे, मुलांसाठी चौथे. अर्ज वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, नियमही वेगळे. घरभाड्याचे साहाय्य नगरपालिका देई, टॅक्स क्रेडिट करखाते देई आणि बाकीचे श्रम व निवृत्तिवेतन खाते देई. एखाद्या विधवेला वा आजारी मजुराला ह्या तीन दारांपुढे तीनदा आपली कर्मकहाणी सांगावी लागे.

त्याहून मोठा दोष असा की, ही व्यवस्था काम करणाऱ्याला जणू दंडच करीत असे. मिळकत वाढली की प्रत्येक साहाय्य आपापल्या हिशेबाने कमी होई, आणि सगळ्या कपाती एकत्र आल्या म्हणजे काही कुटुंबांच्या हातून जादा मिळविलेल्या पौंडातील नव्वद पेन्सांहूनही अधिक निघून जात. हुजूर पक्षाचे नेते इयान डंकन स्मिथ ह्यांनी २००२ साली ग्लासगो शहरातील ईस्टरहाउस ह्या दरिद्री वस्तीला भेट दिली आणि पुढे हा प्रश्न आपला केला. त्यांनी २००४ साली स्थापन केलेल्या अभ्याससंस्थेने २००९ मध्ये सर्व साहाय्ये एकत्र करण्याची योजना मांडली. मिळकतीच्या प्रत्येक जादा पौंडामागे साहाय्यातून पंचावन्न पेन्सच कापावेत, अशी तिची शिफारस होती. ह्या विचारात खोट नव्हती. मजूर पक्षानेही त्यातील तत्त्वाला विरोध केला नाही. २०१२ चा कायदा झाला तेव्हा त्याला सदिच्छेचे पाठबळ होते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु तत्त्व आणि तिजोरी ह्यांची गाठ पडली की काय होते, ते लवकरच दिसले. पंचावन्न पेन्सांची कपात प्रत्यक्षात पासष्ट पेन्सांची झाली. २०१७ साली ती त्रेसष्टावर आली आणि मूळ शिफारशीतील पंचावन्नाचा आकडा गाठण्यास २०२१ साल उजाडावे लागले. ह्या सुधारणेच्या गाड्यालाच अर्थखात्याने काटकसरीचे ओझे बांधले. २०१५ च्या अर्थसंकल्पात नव्या साहाय्यातील कामकऱ्यांच्या सवलतींनाच कात्री लागली. २०१६ च्या मार्चमध्ये डंकन स्मिथ ह्यांनी अपंगांच्या साहाय्यातील कपातीचे कारण देऊन मंत्रिपदाचा राजीनामा दिला. घर बांधावयाचे आणि त्याच वेळी विटाही विकावयाच्या, हा व्यवहार त्या घराच्या शिल्पकारालाही पटला नाही, एवढा त्याचा अर्थ.

अंमलबजावणीची कथाही अशीच आहे. एप्रिल २०१३ मध्ये मँचेस्टरजवळील ॲश्टन-अंडर-लाइन येथे योजनेचा आरंभ झाला. त्याच वर्षी तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने कारभारावर कडक ताशेरे ओढले. संगणक-यंत्रणेवर केलेल्या खर्चापैकी ३ कोटी ४० लाख पौंड बुडीत खाती टाकावे लागले. २०१८ च्या अहवालात ह्याच कार्यालयाने आणखी गंभीर गोष्ट नमूद केली. २०१७ मध्ये आलेल्या नव्या अर्जांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याचे, म्हणजे १ लाख १३ हजार लोकांचे पैसे वेळेवर पूर्ण मिळाले नव्हते. नव्या योजनेमुळे दोन लाख माणसे अधिक कामाला लागतील, हा खात्याचा दावा कधीकाळी पडताळून पाहता येईल की नाही, ह्याबद्दलही कार्यालयाने शंका व्यक्त केली. पण आता योजना पुढे रेटण्यावाचून व्यवहार्य मार्ग उरलेला नाही, असेही सांगितले. मागे फिरण्याची वाट बंद झाल्यावर पुढे जाण्याचा सल्ला देणे, ह्यापलीकडे लेखापरीक्षक तरी काय करणार?

ह्या योजनेच्या रचनेतच एक गृहीत दडलेले होते. गरिबाने महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या कारकुनाप्रमाणे संसार करावा, असे ते गृहीत. साहाय्य महिन्यातून एकदा आणि महिना संपल्यावर मिळणार. म्हणून पहिल्या हप्त्यासाठी आरंभी सहा आठवडे आणि फेब्रुवारी २०१८ नंतर पाच आठवडे थांबावयाचे. ज्याच्या गाठीस पाच दिवसांचेही धान्य नाही त्याने पाच आठवडे कसे काढावेत? त्यावर उपाय म्हणून आगाऊ रक्कम मिळते; पण ती कर्जाऊ, पुढील हप्त्यांतून वळती करून घेतली जाणारी. म्हणजे हक्काच्या साहाय्याचा श्रीगणेशाच कर्जाने! फेडीची मुदत सरकारने पुढे चोवीस महिन्यांपर्यंत वाढविली आणि अशा वळत्यांची सर्वसाधारण मर्यादा एप्रिल २०२५ मध्ये पंधरा टक्क्यांवर आणली, हे बरे झाले. तरी मूळचे पाच आठवडे राहिलेच.

ह्या मासिक हिशेबाचा एक विलक्षण परिणाम न्यायालयापुढे आला. चार एकट्या माता नोकरी करून मुलांना वाढवीत होत्या. त्यांचा पगार महिन्याच्या अखेरीस होई. शेवटच्या दिवशी सुटी आली की तो एक-दोन दिवस आधी मिळे, आणि मग संगणकाच्या हिशेबी एका महिन्यात दोन पगार व दुसऱ्या महिन्यात एकही नाही, असे चित्र तयार होई. परिणामी त्यांच्या साहाय्यात ऐन गरजेच्या वेळी मोठी चढउतार होई. ही अडचण दूर करण्यास सरकारने नकार देणे हे तर्काला सोडून आहे, असा निर्णय अपील न्यायालयाने जून २०२० मध्ये दिला. रविवार केव्हा येतो हे पंचांग पाहणाऱ्या पोरालाही कळते. ते एका मोठ्या खात्याला कळण्यासाठी न्यायाधीशांना बसावे लागले.

आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र स्थलांतराच्या पद्धतीचा प्रश्न. प्रथम असा नियम होता की, ज्याच्या परिस्थितीत बदल होईल त्याने नव्या व्यवस्थेत यावे. हा बदल घर बदलण्याचाही असू शके. दोन अत्यंत अपंग गृहस्थ एका नगरपालिकेच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत राहावयास गेले आणि तेवढ्यावरून त्यांचे दरमहा सुमारे १७८ पौंडांचे नुकसान झाले. हा भेदभाव बेकायदेशीर असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने २०१८ च्या जूनमध्ये दिला. त्यानंतरचा टप्पा सरकारने स्वतः लोकांना हलविण्याचा. २०१९ मध्ये हॅरोगेट येथे प्रयोग झाला, महामारीत थांबला आणि २०२२ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. सरकारने लोकांना हलविले, असे म्हणणे तरी कितपत बरोबर आहे? प्रत्यक्षात सरकारने पत्र पाठविले. तीन महिन्यांच्या आत नवा अर्ज करा, नाही तर जुने साहाय्य बंद होईल, एवढेच त्या पत्राचे सार. जुन्या-नव्या रकमेतील तूट भरून काढणारे संक्रमणकालीन संरक्षण मिळे, पण तेही वेळेत अर्ज करणाऱ्यालाच. आणि पुढे साहाय्याचे इतर भाग वाढले की ते उन्हातल्या बर्फासारखे वितळत जाते.

ह्या पत्रांचे काय झाले? लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितले की, आरंभीच्या टप्प्यात टॅक्स क्रेडिट घेणाऱ्या ज्या लोकांना सूचना गेल्या, त्यांतील सुमारे पाचांतील एकाने अर्जच केला नाही आणि त्याचे साहाय्य थांबले. त्यांतील काहींना मिळणारी रक्कम किरकोळ असेल, काहींना गरज उरली नसेल. पण सर्वांचे तसेच होते असे कोण छातीठोकपणे सांगेल? ह्या माणसांची नावे, पत्ते, मुलांची संख्या आणि बँकेचे खाते ही सारी माहिती सरकारच्या दप्तरी होती. काल त्याच खात्यात पैसे भरले जात होते. बदल सरकारला हवा होता, वेळ सरकारने ठरविली, यंत्र सरकारने निवडले. मग हलण्याची जबाबदारी तेवढी नागरिकाची कशी?

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. नव्या साहाय्याच्या अटी वेगळ्या आहेत, बचतीची व घरभाड्याची ताजी माहिती लागते, अपात्र व्यक्तीला जनतेचा पैसा जाऊ नये, हे सारे खरे आहे. नव्या यंत्रणेचे गुणही नाकारता येणार नाहीत. मार्च २०२० च्या उत्तरार्धात महामारीने व्यवहार ठप्प झाले तेव्हा अवघ्या पंधरवड्यात सुमारे साडेनऊ लाख अर्ज आले आणि ती यंत्रणा कोसळली नाही. जुनी कचेरी त्या लोंढ्याखाली दबून गेली असती. पण त्याच वेळी आठवड्याला वीस पौंडांची जी वाढ देण्यात आली ती जुन्या साहाय्यांतील बहुतेक आजारी व अपंगांना मिळाली नाही. नव्या घरात येऊन राहिलेल्यांना पान, आणि जुन्या घरात वाट पाहणारे उपाशी!

दुसरा मार्ग नव्हता, असेही नाही. उत्तर आयर्लंडमध्ये हेच साहाय्य सर्वसाधारणपणे महिन्यातून दोनदा दिले जाते आणि घरभाडे थेट घरमालकाकडे जाते. स्कॉटलंडने २०१७ पासून तशी निवड करण्याची मुभा दिली. दीर्घकाळ आजारी असलेल्यांना हलविताना लंडनच्या खात्यालाही पत्राच्या जोडीला दूरध्वनी करणे आणि घरी माणूस पाठविणे आवश्यक वाटले. जे अखेरीस करावे लागले ते आरंभीच केले असते, तर पुष्कळांचे हाल वाचले असते.

ह्या परदेशी कथेचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना आकारास आणली, १९७७ साली तिचा कायदा केला आणि तीच पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याची जननी ठरली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस शंभरावरून एकशेपंचवीस झाले आणि बहुतेक राज्यांवर खर्चाचा चाळीस टक्के वाटा आला. दिवस वाढले म्हणून आनंद मानताना जुन्या जॉबकार्डावरील मजूर नव्या नोंदवहीत आपोआप जातो की गळून पडतो, हे पाहिलेच पाहिजे. २०२५ सालीच 'लाडकी बहीण' योजनेतील स्त्रियांना आपली ओळख संगणकावर पुन्हा सिद्ध करण्यास सांगण्यात आले. त्यासाठी पतीच्या किंवा पित्याच्या आधार क्रमांकाची पडताळणी हवी होती. ज्यांचे पती व पिता दोघेही हयात नाहीत त्यांनी काय करावे, हा प्रश्न नियम केल्यानंतर पुढे आला आणि मग मुदत वाढवावी लागली. अपात्रांना वगळण्याचा हेतू योग्य होता. पण विधवा ही अपवादाची बाब आहे असे गृहीत धरणारा नियम आपला समाज न पाहताच लिहिला गेला, असे म्हणणे भाग आहे.

कल्याणकारी योजना कायम राहाव्यात त्या स्वरूपातच, असे आम्ही म्हणत नाही. त्या बदलल्या पाहिजेत, सुटसुटीत झाल्या पाहिजेत आणि त्यांतील गैरप्रकारही थांबले पाहिजेत. पण बदलाचे काही नियम आधी ठरावेत. नवे साहाय्य हाती पडेपर्यंत जुने थांबू नये. सरकारपाशी असलेली माहिती नागरिकाकडे पुन्हा मागू नये. ज्याने उत्तर दिले नाही त्याचे नाव खोडण्यापूर्वी त्याच्या दारी माणूस जावा. आणि ह्या साऱ्यासाठी लागणारा पैसा सुधारणेच्या खर्चातच धरावा. त्याला उधळपट्टी समजू नये. ज्यांच्या खिशात शिल्लक आहे त्यांना चार आठवड्यांचा विलंब ही गैरसोय वाटते. ज्यांच्या खिशात काही नाही त्यांच्या घरातली चूल तेवढ्याने विझते. सुधारणेचा भार ज्याला पेलवतो त्यानेच तो वाहिला पाहिजे, आणि येथे तो पेलण्याची शक्ती राज्यसंस्थेपाशीच आहे.