कारखाना कोणाला म्हणावयाचे?

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात, शाळगाव येथील औद्योगिक वसाहतीत, २१ नोव्हेंबर २०२४ च्या सायंकाळी खतनिर्मिती करणाऱ्या एका रसायन कारखान्यात रिॲक्टरचा स्फोट होऊन विषारी वायू पसरला. सुमारे बारा जणांना त्याची बाधा झाली आणि तिघांचा बळी गेला. मृतांत दोन स्त्री-कामगार होत्या, एक सांगली जिल्ह्यातील, दुसरी सातारा जिल्ह्यातील. तिसरा रखवालदार होता. पुढे बरोबर एक वर्षाने, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्र सरकारने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० ची संहिता अमलात आणली आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा तिने घेतली. तारखांचा हा मेळ निव्वळ योगायोगाचा आहे. परंतु शाळगावसारख्या ठिकाणी राबणाऱ्या माणसाला ही संहिता अधिक संरक्षण देते की कमी, हा प्रश्न योगायोगाचा नाही. कामगार चळवळीने तो आज विचारलाच पाहिजे.

कामगारविषयक कायद्यात किती कलमे आहेत यापेक्षा ती कोणाला लागू होतात, हे अधिक महत्त्वाचे असते. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यामागे कामगारांविषयीच्या कळवळ्याइतकाच मुंबईच्या स्वस्त कापडाला भ्यालेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबाव होता. हा कायदा शंभर वा अधिक माणसे राबविणाऱ्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, मागण्यांचे अर्ज केले आणि १८९० मध्ये साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली. १८९१ च्या कायद्याने शंभराची मर्यादा पन्नासावर आणली. १९२२ मध्ये ती वीस झाली. ज्यांच्या शालेय शिक्षणाचा आरंभ साताऱ्यात झाला त्या डॉ. आंबेडकरांनी मजूरमंत्री या नात्याने १९४६ च्या दुरुस्तीद्वारे आठवड्याचे तास चोपन्नावरून अठ्ठेचाळीसवर आणले. आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या अधिनियमाने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी ही मर्यादा दहा कामगारांवर आणली, यंत्रशक्तीविना चालणाऱ्यांसाठी वीसवर ठेवली. शंभर, पन्नास, वीस, दहा, या उतरत्या पायऱ्यांत सदुसष्ट वर्षांचा लढा साठलेला आहे.

नव्या संहितेने ही पायरी उलटी चढावयास सुरुवात केली आहे. ‘कारखाना’ ठरण्यासाठी आता यंत्रशक्तीसह वीस आणि यंत्रशक्तीविना चाळीस कामगार असावे लागतात. दहा कामगारांच्या आस्थापनेवर मालकाची काही सर्वसाधारण कर्तव्ये कायम राहतात, तसेच धोक्याच्या व्यवसायांना एका कामगारापासूनही संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे, असे उत्तर यावर दिले जाईल. ते खरेही आहे. परंतु कामगाराला कायद्याने आपोआप मिळणारे संरक्षण आणि सरकारने अधिसूचना काढली तर मिळणारे संरक्षण, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला हक्क आहे, दुसरी मेहेरबानी.

हाच फरक सुरक्षा समितीच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसतो. १९८४ च्या भोपाळच्या संहारानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. जेथे धोकादायक प्रक्रिया चालते अशा प्रत्येक कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती त्याने बंधनकारक केली. त्यासाठी कामगारसंख्येची अट नव्हती. नव्या संहितेत अशी समिती कोणत्या आस्थापनांनी नेमावयाची हे सरकारच्या आदेशावर सोपविले आहे. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन अडीचशे कामगारांपासून सुरू होते. विषारी वायू मात्र हजेरीपटावरची नावे मोजून पसरत नाही.

संहितेत काही चांगले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येकाला नेमणूकपत्र, मालकाच्या खर्चाने वार्षिक वैद्यकीय तपासणी, अडीचशेऐवजी शंभर कामगारांपासून उपाहारगृह, साधारण कारखान्यांत हजाराऐवजी पाचशे कामगारांपासून सुरक्षा अधिकारी, या तरतुदींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्यांचा लाभ मोठ्या कारखान्याच्या कामगाराला. आणि सातारा-सांगलीचा औद्योगिक कामगार फार मोठ्या संख्येने लहान कारखान्यांतच आहे. विट्याच्या यंत्रमागांची घरघर, मिरज-कुपवाडच्या ओतशाळा, शिरवळ-लोणंदकडील सुटे भाग बनविणारी छपरे यांतील कितीतरी ठिकाणी वीस माणसे एका पटावर सापडणार नाहीत. जेथे सापडतील तेथे एकाच छपराखाली दोन नावांच्या पाट्या लावून पट विभागण्याची युक्ती यंत्रमाग धंद्याला नवी नाही. मर्यादा जितकी वर, तितकी ही युक्ती सोपी.

या दुर्लक्षाची किंमत नेहमी स्फोटाच्या आवाजाने कळते असे नाही. ओतशाळेत वाळूचे साचे फोडताना व ओतीव नग घासताना उडणारी बारीक सिलिका फुप्फुसात साचत जाते. पुढे दम लागू लागतो, क्षयाला वाट मिळते आणि तोवर माणूस काम सोडून गावी गेलेला असतो. कापसाच्या तंतूंनी होणारा बिसिनोसिस आणि साखर कारखान्यातील बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीने होणारा बगॅसोसिस हे विकारही १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कामामुळे होणारे रोग म्हणून नोंदले गेले होते. परंतु नोंद झालेला रोग आणि निदान झालेला रोगी यांची गाठ क्वचितच पडते. ज्याची तपासणीच झाली नाही, त्याचा आजार ‘जुना खोकला’ ठरतो आणि औषधाचा खर्च घरच्यांच्या माथी बसतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर उत्पादनाचा खर्च मालकाच्या वहीतून काढून कामगाराच्या देहावर टाकला जातो.

सहकारी साखर कारखानेही यातून सुटत नाहीत. मालक सभासद शेतकरी आहे म्हणून बॉयलर कमी तापत नाही. १९४८ च्या अधिनियमाचे छत्तिसावे कलम सांगत होते की, वायूचा धोका असलेल्या टाकीत माणसाने उतरण्यापूर्वी जाणत्याने ती तपासून लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याकडे श्वसनसाधन व कमरेला दोर असावा आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे. मळीच्या वा सांडपाण्याच्या टाकीत एक गुदमरला की त्याला काढावयास उतरलेला दुसराही जातो, हे जाणूनच तो नियम केलेला होता. संहिता बदलली तरी हा नियम कोणत्याही नावाने टिकलाच पाहिजे. आणि अशा टाकीत उतरविला जातो तो बहुधा कंत्राटदाराचा हंगामी माणूस. कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही कारखान्याचा कामगारच, असे १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले होते. आता कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नासावर नेण्यात आली आहे.

लहान उद्योजकांची तक्रार अशी की निरीक्षक येतो तो पाकीट घेण्यासाठी. तक्रार खोटी नाही. पण वैद्य लाच खातो म्हणून दवाखाना बंद करावयाचा नसतो. पूर्वसूचनेवाचून कारखान्यात जाण्याचा अधिकार निरीक्षकाला असावा, असे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा एक्क्याऐंशीवा करार सांगतो आणि भारताने तो १९४९ मध्येच मान्य केलेला आहे. नव्या व्यवस्थेत निरीक्षक हा मालकाचा मार्गदर्शकही झाला असून कोठे तपासणी करावयाची हे संगणकाने सोडत काढावी तसे ठरणार आहे. ज्या दिवशी कामगार आरडाओरडा करतात त्या दिवशी सोडतीत त्यांचे नाव निघेलच, याची हमी कोण देणार?

भरीस भर म्हणून राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे आश्वासन आहे. दारात दहा बेकार उभे असताना दिलेली संमती कितपत स्वतंत्र असते, हे सांगण्यासाठी पंडिताची गरज नाही. अकराव्या तासाला हात यंत्रात जाण्याचा संभव पहिल्या तासापेक्षा अधिक असतो, हेही यंत्रावर उभा राहिलेला प्रत्येक माणूस जाणतो.

याच परिसरात १९१० साली औंधच्या राजाच्या साहाय्याने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली व कामगारांच्या वस्तीची सोय केली. त्या दूरदृष्टीचा मान ठेवूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे : चांगल्या मालकाच्या पदरी मिळणारे कल्याण मालक बदलताच बदलू शकते, कायद्याने मिळणारे कल्याण टिकते. आणि शेजारच्याच कुंडलच्या पंचक्रोशीत प्रतिसरकारने १९४२ नंतर दाखवून दिले की, सत्ता जेथे पोहोचत नाही वा पोहोचू इच्छित नाही, तेथे लोक स्वतः न्यायाची व्यवस्था उभी करू शकतात.

त्या वारशाला जागून कार्यकर्त्यांनी आता प्रत्येक औद्योगिक वसाहतीत कंत्राटींसह कामगारांची खरी गणती करावी. प्रत्येकाचे नेमणूकपत्र व वार्षिक तपासणीचा कागद मागून घ्यावा आणि तो कामगाराच्याच हाती राहील असे पाहावे. रसायने, ओतकाम आणि बंदिस्त टाक्यांची कामे यांना कामगारसंख्येची अट न लावता संहिता लागू करणारी अधिसूचना राज्य सरकारने काढावी, धोकादायक प्रक्रियेच्या प्रत्येक कारखान्यात सुरक्षा समितीचा आदेश द्यावा, यासाठी दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकारी कचेऱ्यांवर मोर्चे न्यावेत. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला आहे. जीविताच्या हक्काला वीस माणसांची अट असू शकत नाही. एकटा कामगार जेथे धोक्याच्या यंत्राशी उभा आहे तो कारखानाच होय, ही व्याख्या कायद्यात उतरेपर्यंत चळवळीचे काम संपत नाही.