खुर्चीवरून उठणं हेही काम

1956 साली ॲमस्टरडॅममध्ये एड्सगर डायक्स्ट्रा हा तरुण प्रोग्रॅमर खरेदी करून दमला आणि होणाऱ्या पत्नीबरोबर एका कॅफेत कॉफी प्यायला बसला. तिथे सुमारे 20 मिनिटांत, हाताशी कागद-पेन्सिल नसताना, त्याने दोन शहरांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत मनातल्या मनात रचली. ती 1959 साली छापून आली आणि इंटरनेटवरचे असंख्य राउटर आजही तिच्यावर चालतात. ती इतकी सुटसुटीत झाली याचं एक कारण त्याने पुढे स्वतःच सांगितलं: कागद नसला की टाळता येण्याजोगी गुंतागुंत टाळावीच लागते. मला हे कारण फार महत्त्वाचं वाटतं. कीबोर्डवर बोटं असली की एखादी ओळ बदलून बघण्याचा, पुन्हा चालवून बघण्याचा मोह सुटत नाही. मूळ मांडणीच चुकली असेल तर असे तासन् तास वाया जातात. डोक्यात मात्र फार काही मावत नाही, म्हणून तिथे प्रश्नाचा गाभाच तेवढा उरतो. म्हणूनच खुर्चीवरून उठून बाहेर फिरणं हाही प्रोग्रॅमरच्या कामाचाच भाग आहे, असं मला वाटतं.

यावर रास्त आक्षेप असा की, मग नुसतं भटकणाऱ्या प्रत्येकाला कल्पना का सुचत नाहीत? कारण आधी प्रश्नाशी झुंजावं लागतं. गणितज्ञ आंरी प्वांकारे यांना बसच्या पायरीवर पाय ठेवताना एक मोठं उत्तर सुचलं, पण त्याआधी त्यांनी त्या प्रश्नावर कसून काम केलं होतं आणि नंतर पडताळणीही केली, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. स्टॅनफर्डमधल्या 2014 च्या एका अभ्यासात चालताना लोकांना नव्या कल्पना जास्त सुचल्या. पण एकच नेमकं उत्तर हुडकण्याच्या कामात चालणारे किंचित मागेच पडले. म्हणजे नवी वाट सापडते ती बाहेर, आणि ती खरी आहे की नाही हे ठरतं संगणकासमोर. मध्यरात्री सर्व्हर बंद पडला असताना कुणी फिरायला जावं, असं मी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवस्थापकांचा: फिरत विचार करण्याच्या नावाखाली कामचुकारांचं फावेल. पण कर्मचाऱ्याच्या संगणकावर नजर ठेवून, माऊस किती वेळा हलला हे मोजून कामचुकार सापडत नाही. माऊस कुणीही हलवू शकतो. कामचुकारपणा उघडा पडतो तो सहकाऱ्यांनी कोड तपासताना. उलट अशा मोजणीने नुकसान होतं ते अवघड प्रश्न डोक्यात घेऊन अर्धा तास बाहेर फिरणाऱ्याचं, कारण त्याच्या नावापुढे ‘निष्क्रिय’ असा शिक्का बसतो. मग तोही खुर्ची सोडत नाही आणि पहिलं सुचेल ते उत्तर लिहून मोकळा होतो. त्या कोडची डागडुजी पुढे वर्षानुवर्षं दुसऱ्यांना करावी लागते. हिंजवडीपासून बंगळूरपर्यंत ज्या कंपन्यांनी अशी मोजणी लावली असेल, त्यांनी ती आजच बंद करावी.