वेदनाशामक गोळ्यांची सवय असेल, तर अपघाताच्या वेळी डॉक्टरांपासून लपवू नका

फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघड केले, की मुंबईची एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी या मिश्रणाच्या उत्पादन व निर्यातीची परवानगी मागे घेतली. ट्रामाडॉल तर एप्रिल २०१८ पासूनच एनडीपीएस कायद्याखाली आहे. तरीही कंबरदुखीसाठी सुरू केलेली गोळी वर्षानुवर्षे न सोडलेले रुग्ण जामखेडमध्ये मला भेटतात. बंदीची चर्चा होते, या रुग्णांची होत नाही.

समजा, खर्डा रस्त्यावर अशाच रुग्णाची दुचाकी घसरली आणि पायाचे हाड मोडले. नेहमीच्या इंजेक्शनने त्याचे दुखणे थांबत नाही. तो पुन्हा पुन्हा औषध मागतो आणि 'नाटक करतोय' असा शिक्का बसतो. खरे कारण वेगळे असते. शरीराला अफूवर्गीय औषधाची सवय झाली, की तेवढाच डोस कमी पडतो. त्यात रोजची गोळी अचानक बंद झाली, तर घाम, जुलाब, अस्वस्थता सुरू होते आणि वेदना आणखी वाढते.

म्हणून नातेवाइकांनो, दवाखान्यात पोहोचताच चार गोष्टी सांगा: कोणती गोळी, दिवसाला किती, शेवटची कधी घेतली, आणि सोबत दारू किंवा झोपेची गोळी आहे का. शक्य असल्यास गोळ्यांची स्ट्रिप दाखवा. हे कळले नाही आणि पेंटाझोसिनचे इंजेक्शन दिले गेले, तर गोळी सुटल्याचा त्रास एकदम उफाळू शकतो. व्यसनमुक्तीसाठी ब्युप्रेनॉर्फिन सुरू असेल, तर ते स्वतःहून बंद करू नका. नालट्रेक्सोन सुरू असेल, तर तेही सांगा. त्याच्यामुळे अफूवर्गीय वेदनाशामके लागूच पडत नाहीत.

उपचाराची दिशा सहसा अशी असते: रोजचा डोस देखरेखीखाली चालू ठेवायचा, त्यावर पॅरासिटामॉल, मूत्रपिंड व पोट ठीक असल्यास सूज कमी करणारी औषधे, आणि जमेल तिथे नस बधिर करण्याचे इंजेक्शन. गरज पडल्यास मॉर्फिनसारखे औषधही, पण श्वासावर लक्ष ठेवून.

घरी जाताना गोळ्या एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. त्या कधी आणि कशा कमी करायच्या, हे लिहून घ्या. काही आठवडे गोळी सुटली असेल, तर जुना डोस पुन्हा घेणे जिवावर बेतू शकते. सवय सोडवण्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

सवय लागणे हा गुन्हा नाही. दुखणे थांबवून घेण्याचा हक्क या रुग्णालाही आहे.