शिंका मोजल्या, श्वास राहिला

नाकाच्या अ‍ॅलर्जीने बेजार झालेला माणूस शिंकांचे नंतर सांगतो, आधी सांगतो ते रात्रीचे. या कुशीवर वळले की ही नाकपुडी बंद, त्या कुशीवर वळले की ती. तोंडाने श्वास घ्यावा तर घशाला कोरड पडून जाग येते. झोप मोडते ती चोंदलेल्या नाकाने.

या दुखण्यावरची औषधे आधी उंदरांवर आणि गिनी पिगवर तपासतात. तिथे वर्षानुवर्षे मोजल्या जातात त्या शिंका. प्राण्याच्या नाकात अ‍ॅलर्जी आणणारा थेंब सोडायचा, त्याला पारदर्शक पेटीत ठेवायचे आणि तो किती वेळा शिंकतो, पुढच्या पंजांनी किती वेळा नाक चोळतो, ते टिपत बसायचे. मोजायला सोपे, म्हणून रूढ झाले. पण शिंका आणि खाज हा मुख्यतः हिस्टामिनचा खेळ, काही मिनिटांचा. नाक चोंदते ते आतल्या रक्तवाहिन्या फुगून आणि अस्तर सुजून, आणि ही सूज तासन्‌तास टिकते. अँटिहिस्टामिनच्या गोळीने शिंका थांबतात, तरी नाक बंदच राहते, हा अनुभव घरोघरचा आहे. मग उंदराच्या शिंका घटल्या एवढ्यावर औषध लागू पडले असे कसे म्हणायचे?

दुसरी पळवाट आकड्यांची. १९९७ मध्ये ‘पेन्ह’ नावाचे माप पुढे आले. बंद पेटीत मोकळा सोडलेला उंदीर श्वास घेतो, पेटीतला दाब हलतो, त्या हालचालीवरून श्वासनलिका किती आवळल्या ते ठरवायचे. प्राण्याला हात लावायला नको, म्हणून ते झपाट्याने पसरले. उंदीर श्वास घेतो तो नाकाने. त्यामुळे त्या एका आकड्यात नाक, फुप्फुस आणि श्वासाची लय यांची सरमिसळ होते. हे माप श्वसनमार्गातला अडथळा दाखवत नाही, असे जाणकारांनी २००४ मध्ये स्पष्ट लिहिले. तोवर किती जनावरे खर्ची पडली असतील!

नेमके मोजण्याच्या पद्धती आहेत. भूल दिलेल्या प्राण्याच्या नाकातून ठरावीक वेगाने हवा सोडून दाब किती चढतो ते पाहता येते. नाकपुडीत ध्वनी सोडून परतणाऱ्या लहरींवरून आतली पोकळी किती उरली तेही काढता येते. माणसांसाठी १९८९ मध्ये आलेली ही पद्धत प्राण्यांवरही वापरली गेली आहे. काम किचकट आहे, हात बसावा लागतो, भुलीचाही नाकावर परिणाम होतो. तरीही प्रश्नाला थेट भिडणारे मोजमाप हेच.

ढिलाईची किंमत माणसेही मोजतात. सर्दीच्या गोळ्यांमध्ये सर्रास असणारे फिनाइलेफ्रिन पोटातून घेतल्यास नाक मोकळे करत नाही, असा कौल अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने दिला. त्या गोळ्या दशकानुदशके खपत होत्या. आपल्याकडेही खपतात.

औषध चोंदलेल्या नाकावर चालते असा दावा असेल, तर प्राण्याच्या नाकातला अडथळा औषधाआधी किती होता आणि नंतर किती राहिला, हे शोधनिबंधात वेगळे दिलेच पाहिजे. नसेल, तर परीक्षकांनी तो परत पाठवावा.