शब्दकोड्याचा मटका करू नका

गेल्या आठवड्यापासून आपल्या जिल्ह्यातल्या व्हॉट्सअप ग्रुपवर एक पत्रक फिरतंय. मराठी भाषा गौरव दिनानिमित्त "भव्य शब्दकोडे स्पर्धा". प्रवेश शुल्क शंभर रुपये. स्पर्धा वैयक्तिक. पैसे यूपीआयने भरायचे, उत्तरं मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये टाकायची. एका माणसाला कितीही प्रवेशिका भरता येतील. पहिलं बक्षीस दुचाकी. एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं आली तर सोडत. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात नेहमीचं वाक्य : संयोजकांचा निर्णय अंतिम राहील.

संयोजकांचं नाव मी इथं घेणार नाही. मुद्दा माणसाचा नाही, पत्रकाचा आहे. आणि त्या पत्रकातली तीन वाक्यं जोडून वाचा. कितीही प्रवेशिका, सोडत, निर्णय अंतिम. याला मराठीत शब्दकोडं म्हणत नाहीत. याला दुसरा शब्द आहे आणि तो आपल्या स्टँडमागच्या टपरीवाल्याला चांगला माहिती आहे.

काही जण म्हणतील, पत्रकारसाहेब, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत वाईटच दिसतं. मराठीसाठी कुणी काहीतरी करतंय, करू द्या की. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांब आहे, पण वाचा.

पत्रकात नमुना म्हणून एक सूचक दिलंय. "संसारात सगळ्यात महत्त्वाचे", दोन अक्षरी, दुसरं अक्षर न. आता सांगा उत्तर. धन? मन? माझ्या शेजारी बसणारा फोटोग्राफर म्हणाला "धन", त्याची बायको म्हणाली "मन", आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मग बरोबर कोण ठरवणार? संयोजकांच्या कपाटात लखोटा आहे, तो ठरवणार. अशी दहा सूचकं घातली आणि प्रत्येकाला दोन-दोन उत्तरं लागू पडत असली, तर एकूण जुळण्या होतात एक हजार चोवीस. तुमची भाषा कितीही चांगली असू द्या, लखोट्यातली एक जुळणी गाठायची तर अंदाजच करायचा. आणि म्हणूनच "कितीही प्रवेशिका भरा". जो जास्त शंभराच्या नोटा लावील त्याची शक्यता जास्त. दोन हजार प्रवेशिका आल्या तर दोन लाख जमतात, दुचाकी साधारण लाखात येते. बाकी हिशेब तुम्ही करा.

ही युक्ती नवीन नाही हो. पत्रकारितेच्या डिप्लोमाला प्रेस लॉ शिकताना ज्यांनी पुस्तक उघडलं असेल त्यांना चमारबागवाला खटला आठवेल. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडं बक्षिसाच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. चमारबागवालांची कंपनी बंगळूरहून "स्पोर्टिंग स्टार" नावाचा साप्ताहिक अंक काढायची, त्यात कोडं असायचं, आणि मुंबई राज्यातून लोक फी भरून प्रवेशिका पाठवायचे. मुंबई सरकारनं १९४८ च्या कायद्यात दुरुस्ती करून बाहेरून छापून येणाऱ्या या स्पर्धांनाही लायसन आणि कर लावला. कंपनी कोर्टात गेली. आमचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क आहे, म्हणाली. ९ एप्रिल १९५७ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतातल्या द्यूतापर्यंत सगळं काढलं आणि सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, त्याला घटनेतलं व्यापाराचं संरक्षण नाही. कारण काय? तर उत्तर आधीच ठरवून बंद ठेवलेलं. जास्त योग्य शब्द लिहिणारा जिंकत नाही, बंद कागदाशी जुळणारा जिंकतो. इंग्लंडच्या एका न्यायाधीशानं १९३६ मध्येच असल्या स्पर्धेला न दिसणाऱ्या निशाणावर आंधळेपणानं नेम धरणं म्हटलं होतं.

त्या निकालाच्या वेळी आपला उस्मानाबाद जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. म्हणजे नव्या राज्यात आल्या आल्या आपल्याला मिळालेलं हे एक शहाणपण. सत्तर वर्षांनी ते व्हॉट्सअपवर घालवायचं?

कायदा १९५५ चाही आहे. महिन्यात एक हजार रुपयांवर बक्षिसं देणाऱ्या अशा स्पर्धांना त्यानं बंदी घातली. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात कोर्टानं स्पष्ट केलं की हा कायदा जुगारी स्पर्धांपुरता आहे, खऱ्या बुद्धीच्या स्पर्धांना तो लागू नाही. ही फट पुढं फार रुंद झाली. "आमचा खेळ कौशल्याचा" असं म्हणत रमीवाले आणि स्वप्नातल्या क्रिकेट टीमवाले मोबाईलमध्ये शिरले, आणि गावोगावची लेकरं कर्जात बुडाली. पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याला विचारा, तो सांगेल. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, एकाच दावणीला बांधले. पत्रक काढणाऱ्यांनी तो एकदा वकिलाकडून समजून घ्यावा. फुकटचा सल्ला आहे.

पण मला खरी चीड कायद्यामुळं येत नाही. चीड येते ती एका चांगल्या गोष्टीचं नाव या धंद्याला लावल्यामुळं. शब्दकोडं ही चांगली गोष्ट आहे. आणि त्यातला सगळ्यात चांगला प्रकार, गूढ शब्दकोडं, आपल्या मराठीत नीट रुजलाच नाही. इंग्रजीत त्याला शंभर वर्षं होत आली. भारतात "द हिंदू"नं १९७१ साली सुरू केलं, तेव्हा कोडी रचायला बसले ते नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख ॲडमिरल कटारी. आज सीबीएसईच्या शाळांतली पोरं संघ करून इंग्रजी गूढ कोड्यांच्या स्पर्धेत उतरतात, आणि ही चळवळ उभी राहिली पाटण्यातून. पुण्या-मुंबईतून नाही, पाटण्यातून. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरीनं मात्र दुचाकीच्या सोडतीत शंभर रुपये टाकायचे.

गूढ कोड्यात काय असतं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं अवघड म्हणजे गूढ. तसं नाही. सूचकाचे दोन भाग असतात. एका भागात सरळ अर्थ, दुसऱ्यात शब्दाची मोडतोड. दोन्ही वाटांनी एकाच शब्दाला पोचलात की उत्तर बरोबर. लखोटा लागत नाही, संयोजक लागत नाही, उत्तरच स्वतःची साक्ष देतं.

उदाहरण घ्या. "काम उलटं केलं तर कणीस लागतं", दोन अक्षरी. काम उलटं फिरवा. मका.

दुसरं. "भात्यापुढच्या माणसाला काना दिला की तालुका", तीन अक्षरी. भात्यापुढं लोहार बसतो. त्याला शेवटी काना द्या. लोहारा. ही गंमत इंग्रजीला जमायची नाही, कारण तिच्याकडं काना नाही.

अजून एक, पाण्याच्या पाळीची वाट बघणाऱ्यांसाठी. "आठवड्यातून एकदा वाहतो त्याच्या शेजारी किल्ला, आपल्याच जिल्ह्यात", चार अक्षरी. नळ आणि दुर्ग. पंधरा दिवसांतून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीतल्यांनी सूचक आपल्या सोयीनं बदलून घ्यावं.

आणि आता माझं आवडतं. "पहिलं व्यंजन आणि शाळेत न्यायचं जेवण, पण खातात गुरं", तीन अक्षरी. वाचणाऱ्याचं डोकं जातं पंचपक्वान्नाकडं. पण व्यंजन म्हणजे व्याकरणातलं. पहिलं व्यंजन क. शाळेत न्यायचं जेवण म्हणजे डबा. कडबा! हे कोडं मी आमच्या वाचनालयात टाकलं. निवृत्त गुरुजींनी क्षणात "क" सांगितला आणि तिथंच अडकले. नववीतली पोरगी म्हणाली डबा असेल. दोन्ही जोडायचं मात्र कुणाला सुचेना, "कडबा" शब्द पोरीच्या तोंडात नव्हता. तो पेपर चाळत बसलेल्या एका शेतकऱ्यानं मान वर न करता सांगितला. तिघांपैकी एकालाही एकट्याला जमलं नसतं. मराठी अशीच विभागून ठेवलेली भाषा आहे. थोडी मास्तरांकडं, थोडी आजीकडं, थोडी एसटीच्या कंडक्टरकडं, थोडी बाजार समितीच्या हमालाकडं. गूढ कोडं ती एका टेबलावर आणतं. म्हणून ते एकट्यानं मोबाईलमध्ये तोंड घालून सोडवायचं काम नाही, चौघांनी भांडत सोडवायचं आहे.

हे आपल्याला परकंही नाही. शाहिरीतले कलगीवाले आणि तुरेवाले दुसरं काय करत होते? एका फडानं गाण्यातून कूट घालायचं, समोरच्यानं गाण्यातूनच फोडायचं, आणि गाव रात्रभर बसून ऐकायचं. जिंकायचा तो फड. डफावर सोडत काढून कुणी बैल दिला नाही.

"बक्षीस नसलं तर लोक येणार नाहीत." हा युक्तिवाद मला गेल्या चार दिवसांत किमान दहा जणांनी ऐकवला, त्यात दोन आमच्याच धंद्यातले. त्यांना एकच आठवण करून देतो. १० ते १२ जानेवारी २०२० ला याच शहरात त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. खेड्यापाड्यांतून माणसं आली. तेव्हा कुणाला दुचाकी लागली होती? पुस्तकांची पिशवी घेऊन, संध्याकाळची गाडी पकडून घरी गेली. या जिल्ह्याला भाषेसाठी लाच द्यावी लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा जिल्हा पाहिलेलाच नाही.

आणि बक्षीस द्यायचंच असेल तर अमेरिकेतल्या एमआयटीतलं द्या. तिथं १९८१ पासून दर जानेवारीत कोड्यांची मोठी शर्यत होते. संघानं उतरायचं, दिवसरात्र डोकं लावायचं. जिंकणाऱ्या संघाला काय मिळतं? पुढच्या वर्षीची सगळी कोडी रचायचं काम! शिक्षाच म्हणा ना. पण त्यासाठी लोक झटतात, कारण ज्यानं शर्यत जिंकली त्यानंच पुढची जागवायची, हा मान आहे. यात फसवाफसवीला जागाच राहत नाही. वाईट कोडी रचलीत तर पुढच्या वर्षी तोंड दाखवायला जागा नाही.

"मोबाईलवर उत्तर विचारतील, एआयला विचारतील," हाही एक आक्षेप. विचारू द्या. घरबसल्या फॉर्म भरायच्या स्पर्धेत ही भीती खरी आहे, तुमच्याच पत्रकाला ती लागू आहे. वाचनालयाच्या टेबलावर चौघं समोरासमोर बसले आणि मोबाईल ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवले की प्रश्न मिटतो. परीक्षेला बसवतो तसं, फक्त बोलायची परवानगी द्यायची.

जागा आहेत. आपल्या आठही तालुक्यांत वाचनालयं आहेत, अनेक ड वर्गातली, तुटपुंज्या अनुदानावर कशीबशी चालणारी. तिथं सकाळी पेपर येतो, आणि त्यातलं कोडं पहिला माणूस पेननं भरून टाकतो म्हणून दुसऱ्याशी भांडण होतं. हे भांडण मी कितीतरी वाचनालयांत पाहिलंय. मराठीला अभिजात दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. त्यानंतर आपल्याकडं काय झालं? ग्रंथदिंडी, सत्कार, फ्लेक्स, त्याच वक्त्यांची तीच भाषणं. मुलं टाळ्या वाजवायला आणून बसवलेली. त्या मुलांना एक तास भाषेशी खेळू दिलं असतं तर फ्लेक्सपेक्षा कमी खर्च आला असता. छापील कागद आणि पेन्सिली, एवढंच सामान लागतं.

म्हणून संयोजकांना जाहीर सांगणं आहे. स्पर्धा रद्द करू नका, बदला. शुल्क काढा, ज्यांनी भरलंय त्यांना परत द्या. सोडत काढा. दुचाकी जिथून आणली तिथं परत पाठवा. चार जणांचा संघ, त्यात एक शाळकरी मूल आणि एक साठीपुढचा माणूस हवाच, अशी अट घाला. प्रत्येक उत्तर का बरोबर हे संपल्यावर फळ्यावर लिहून दाखवा, म्हणजे "निर्णय अंतिम" हे वाक्य छापायची गरज पडणार नाही. कोडी रचायला माणसं हवी असतील तर मी आहे, आमचे गुरुजी आहेत, आणि कडब्यानंतर ती नववीतली पोरगी स्वतःच सूचकं रचायला लागलीय, त्यातली दोन माझ्यापेक्षा बरी आहेत. एक पैसा घेणार नाही.

हे नको असेल आणि आहे तशीच स्पर्धा २७ फेब्रुवारीला घेणार असाल, तर आताच सांगून ठेवतो. प्रवेशिका किती आल्या, जमले किती, वाटले किती आणि लखोटा कुणाच्या कपाटात होता, हे चार प्रश्न घेऊन मी २८ तारखेला सकाळी तुमच्या दारात उभा असेन.