उसाला काटा, मग पोलादाला का नको?



वजनकाट्यावर गाडी चढली की गाडीवानापासून ऊसमालकापर्यंत सगळ्यांच्या नजरा आकड्यावर खिळतात. दहा किलोची शंका आली तरी आपण काटा तपासून मागतो, आणि ते योग्यच आहे. रसाची तपासणी प्रयोगशाळेत प्रत्येक पाळीला होते. पण पावसाळ्यात ओव्हरहॉलिंगसाठी लाखो रुपयांचे शाफ्ट, पिनियन, श्रेडरचे हातोडे स्टोअरमध्ये येतात, ते मात्र आपण बिल पाहून आणि हात फिरवून घेतो. हे आता थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पोलाद म्हणजे पोलाद, त्यात काय बघायचे, असे काही जण म्हणतात. त्यांनी तोडणी टोळीतल्या कुणालाही विचारावे. कोयत्याला पाणी जास्त झाले की धारेचा तुकडा उडतो, कमी झाले की धार वळते. लोहार ते तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ओळखतो. आपल्याकडे पेटीतून आलेल्या पिनियनचा रंग काय सांगणार? रोलरचा शाफ्ट मऊ निघाला तर तो स्वतःच झिजतो. खरे तर झिजायला हवी त्याखालची गनमेटलची बेअरिंग, कारण ती बदलणे स्वस्त. उलट श्रेडरचा हातोडा नुसताच कडक केला तर उसाबरोबर आलेल्या दगडावर फुटतो आणि तुकडा पुढे मिलमध्ये जातो.

एका हंगामात नव्या पिनियनचे दात ऐन भरात बसले. पुरवठादाराचे नाव घेण्याचे कारण नाही. तो म्हणाला, तुमचे वंगण चुकले. आपण म्हणालो, तुमचा माल मऊ. माल आला त्या दिवशी कठिणतेची नोंदच झालेली नव्हती. मग ना त्याला खोटे ठरवता आले, ना आपल्याला खरे. इकडे यार्डात गाड्यांची रांग. २५०० टन क्षमतेच्या कारखान्यात मिल तासभर थांबली की शंभरावर टन ऊस गव्हाणीबाहेर उभा राहतो. तोडलेल्या उसाचे वजन शेतकऱ्याचे घटते, उतारा कारखान्याचा घटतो, आणि एफआरपी उताऱ्यावरच ठरत असल्याने दोन्ही तोटे शेवटी आपल्याच खिशात येतात.

मोजण्याची रीत काही अवघड नाही. स्वीडनमधील इंजिनिअर ब्रिनेल यांनी १९०० साली ती जगापुढे मांडली. १० मिलिमीटरची कठीण गोळी ३००० किलो भाराने दहा-पंधरा सेकंद पोलादावर दाबायची आणि पडलेल्या खळग्याची रुंदी सूक्ष्मदर्शकातून मोजायची. खळगा ४ मिलिमीटर भरला तर कठिणता २२९, साडेचार भरला तर १७९. अर्ध्या मिलिमीटरात केवढा फरक! पुढे अमेरिकेत रॉकवेल मंडळींनी खळग्याची खोली थेट तबकडीवर दाखवणारे यंत्र काढले, त्याचे पेटंट १९१९ चे. कडक केलेल्या भागांसाठी त्यात हिऱ्याचे टोक वापरतात. कित्येक टनांचा रोलर-शाफ्ट या यंत्राखाली बसणार नाही, हे खरे. त्यासाठी पोल्डी नावाचे हातातले साधन मिळते. माहीत कठिणतेची पट्टी आणि आपला शाफ्ट यांच्यामध्ये गोळी धरून एक हातोडा मारायचा आणि दोन्हीकडचे खळगे ताडून पाहायचे. ते तितके अचूक नसते, पण फसवणूक पकडायला पुरते.

ही यंत्रे परदेशातून आणावी लागतील अशी भीती कुणी घालू नये. यंत्रमागांच्या इचलकरंजीत फ्युएल इन्स्ट्रुमेंट्स अँड इंजिनियर्स, म्हणजे एफ.आय.ई., ही संस्था अशी यंत्रे बनवते. जवळच्या जयसिंगपुरातही ती बनतात. तोही उसाचाच मुलूख आहे, हे आमच्या परभणीकरांनी ध्यानात घ्यावे. भाराच्या यंत्राची करामत ती काय? तरफ, वजने, तरफेला टेकायला धारदार कड, आणि भार हळू उतरावा म्हणून तेलाचा दट्ट्या. वजनकाट्याचाच हा भाऊबंद.

कुणी म्हणेल, आधी चौदा दिवसांत उसाचे पैसे द्या, मग यंत्रे घ्या. मागणी रास्त आहे, तो कायदाच आहे. पण हंगामात मिल बंद पडली तर ते पैसे येणार कोठून? निदान यंदा पोल्डी घ्यावे, मोठे यंत्र पुढच्या अंदाजपत्रकात धरावे. तोवर महत्त्वाचे भाग छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतून तपासून आणावेत.

नुसते यंत्र घेऊन मात्र भागणार नाही. ते प्लास्टिकच्या आवरणाखाली ठेवायचे असेल तर घेऊच नका. आयटीआय झालेल्या एका मुलाला शिकवावे लागेल. जागा घासून सपाट करणे, दोन खळग्यांत पुरेसे अंतर सोडणे, रोज प्रमाणित ठोकळ्यावर यंत्र पडताळणे, ही कामे शिस्तीची आहेत. खरेदीच्या आदेशातच कठिणतेचा आकडा लिहावा आणि माल उतरताना नोंदवहीत सही व्हावी. ती नोंदवही सभासदाने मागितली तर त्याला दाखवावी.

हा विषय सप्टेंबरअखेरच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, अशी आमची संचालक मंडळास विनंती आहे. जागेचे म्हणाल तर मिल हाऊसचे हादरे पोचणार नाहीत अशी स्टोअरमागची खोली रिकामीच आहे. जुना बारदाना हलवला की झाले.