बटण सोडले तरी घरघर थांबेना?

१९८४ साली किनेटिक होंडा आली आणि किक मारण्याच्या कटकटीतून पुष्कळजणी सुटल्या. साडी सावरायची, अंगठ्याने बटण दाबायचे, की गाडी सुरू! पण बटण सोडल्यावरही स्टार्टर फिरतच राहिला, तर? डहाणू-बोर्डीकडे खाऱ्या हवेने बटणाच्या आतले पत्रे गंजतात, तलासरीकडे हमरस्त्याची धूळ आत बसते. अशा वेळी घाबरू नका, पण 'थांबेल आपोआप' म्हणून गप्पही बसू नका. स्टार्टरची मोटर काही सेकंदांच्याच कामाची. ती फिरत राहिली तर तापते, बॅटरी उतरते, वायर वितळून आगही लागू शकते.

आधी किल्ली बंद करा आणि कान द्या.

घरघर चालूच आहे? मग दोष बहुधा रिलेचा. मोटरला लागणारा मोठा प्रवाह किल्लीतून जातच नाही, बॅटरीतून रिलेमार्गे जातो. बॅटरी कमजोर असली, की रिलेचे आतले टोक ठिणग्यांनी एकमेकांना चिकटते. लगेच बॅटरीची काळी वायर सोडवा. काळीच आधी! लालपासून सुरुवात केलीत आणि पाना गाडीच्या लोखंडाला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. रिले ठोकल्यावर सुटला तरी भरवसा धरू नये. बदलावाच, आणि बॅटरीही तपासून घ्यावी.

किल्लीबरोबर घरघर थांबली? मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचे चाक अधांतरी हवे. बटणाला हात न लावता किल्ली फिरवा, ब्रेक दाबा. मोटर आपणहून फिरली, तर बटण अडकले आहे किंवा त्याची वायर कुठे सोलली आहे. दाराच्या घंटीचे बटण अडकते ना, तसेच. त्यात खोबरेल तेल मात्र सोडू नका, धूळ आणखी चिकटते.

मोटर फिरली नाही, पण इंजिन सुरू झाल्यावर खरखर राहते, तर स्टार्टरचा गिअर किंवा क्लच सुटत नसावा. ते काम मेकॅनिकचेच. हल्लीच्या काही स्कूटरांत वेगळी स्टार्टर मोटरच नसते. त्यांना ही परीक्षा लागू नाही.

गॅरेजात 'गाडी आवाज करते' एवढेच सांगू नका. 'किल्ली बंद केली तरी थांबत नव्हती' असे सांगा. म्हणजे रिलेने भागत असताना अख्खी मोटर बदलण्याचा खर्च गळ्यात पडणार नाही.